पांढऱ्या काठाच्या चटया

तळ्याला वास यायला लागला, तेव्हा गावानं आधी मेलेलं जनावर शोधलं. पंपवाला हातात लांब काठी घेऊन काठाकाठानं निघाला, त्याच्यामागं आठ-दहा रिकामटेकडे, आणि त्या सगळ्यांच्या मागं लांब्या. लांब्या म्हणजे तळ्यातला बोरू कापून त्याच्या चटया विणणारा. पन्नाशी उलटली, केस पिकले, पाण्यात वाकून वाकून पाठीला पोक आलं, तरी पोरवयात उंचीवरून पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं.

पंपवाला काठी खुपसायचा, वास घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. कुणी म्हणालं ढोर असणार, कुणी म्हणालं कुत्रं. लांब्यानंही वाकून पाण्यात पाहिल्यासारखं केलं. जनावर नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. कितीतरी दिवस तो रोज उजाडताना एकटाच इथं येऊन जात होता. वास बोरूच्या बेटाचा होता. या दिवसांत जिथं डोक्याच्या वर हिरवागार बोरू हलत असायचा, तिथं नुसतं मळकट पाणी पसरलं होतं आणि त्या पाण्याखाली मुळ्या कुजत होत्या.

शेवटी पंपवाल्याच्या काठीला एक मुळी अडकून वर आली. काळी, पिचपिचीत, बोट लावलं तर साल हातात यावी अशी.

"बेटच मेलंय की," पंपवाला म्हणाला. मग जरा विचार करून, "गवत्या माशांनी खाल्लं असणार. मी तेव्हाच म्हणत होतो."

तो तेव्हा असलं काही म्हणाला नव्हता. गेल्या साली तळ्यात शेवाळ माजलं, पंपाच्या जाळीत अडकायला लागलं, तेव्हा गवत खाणारे मासे आणून सोडा म्हणून जाळंवाल्याच्या मागं लागलेला हाच पहिला होता. पण गरज सरो नि वैद्य मरो. जाळंवाला बिचारा लांबून पिशव्यांत पाणी घालून ते मासे घेऊन आला होता आणि पोटच्या पोरांसारखे जपून तळ्यात सोडले होते. हा जाळंवाला लांब्याचा दाजी. लांब्याची धाकटी बहीण, चिमी, त्याला दिलेली.

सगळ्यांनी वळून लांब्याकडं पाहिलं. बोरूतलं दुसऱ्या कुणाला काय कळणार? बोरू कापणारी बाकीची घरं केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागली होती.

"काय लांब्या? मासे बोरू खातात का?"

लांब्यानं नजर त्या काळ्या मुळीवरच ठेवली. "असेलही," तो म्हणाला.

बस, एवढंच. ना हो, ना नाही. पण गावाला तेवढं पुरतं. दिवे लागायच्या आत घरोघरी झालं होतं, की लांब्यानं स्वतः सांगितलं, दाजीच्या माशांनी बेट खाल्लं म्हणून.

आता खरं काय झालं होतं ते ऐका.

उन्हाळ्यात तळं आटलं होतं आणि बोरू तहानेनं खुरटला होता. नेमकं त्याच वेळी गावाचं नवं सभागृह बांधून झालं. बसायला काय टाकायचं यावर बोलणं निघालं, तेव्हा गावातला प्लास्टिकवाला म्हणाला की शहरातून प्लास्टिकच्या चटया आणू, धुतल्या की झालं, बोरूच्या चटया आता कोण विचारतं. लांब्या दाराशीच उभा होता. त्याच्या अंगाची लाही लाही झाली. तो पुढं झाला आणि म्हणाला, "माणूसभर लांबीच्या देतो. मधे एकही जोड असला तर चुलीत घाला." बोलून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खुरटलेल्या बोरूत माणूसभर लांबी कुठून यायची?

बोरू कापायची एक रीत असते. आबा, म्हणजे लांब्याचा बाप, कंबरभर पाण्यात उभा राहून दोन्ही पोरांना, लांब्याला आणि चिमीला, ती शिकवायचा. बोरूच्या कांडावर भरल्या तळ्याची मळकट रेघ असते. पाणी कितीही उतरू दे, त्या रेघेच्या वर एक वीत सोडायची आणि मगच विळा लावायचा. मुळी बसलेली असते चिखलात. तिला वारा मिळतो तो त्या पोकळ खुंटातून. खुंट पाण्याखाली गेला की मुळी गुदमरते, जसं माणसाचं तोंड दाबावं तसं. "तुम्ही वीत राखा, बेट तुम्हाला राखेल," असं आबा म्हणायचा आणि विळा खाली घसरला तर पाठीत गुद्दा घालायचा. रेघेच्या खालचं कांड पांढरं असतं. आबाच्या चटईत पांढरं कांड जन्मात कधी आलं नाही.

त्या उन्हाळ्यात पाणी इतकं मागं गेलं की बेट पायापर्यंत उघडं पडलं होतं. लांब्यानं रेघेच्या वर वीत सोडून एक बोरू स्वतःच्या अंगाशी लावून पाहिला. कमी पडत होता. खाली मात्र पांढरं, टणक, सरळ कांड चिखलापर्यंत नुसतं उभं होतं. बायको मागं भारे बांधत होती. त्यानं विळा चिखलाला टेकवून पहिला झपका मारला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, वीत?"

"पाणी आहे कुठं बुडायला?" लांब्या म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्यानं बेट उतरवलं ते सगळंच. बांधाजवळच्या खडकाळ कोपऱ्यात थोडा बोरू उरला, तोही काडीएवढा बारीक म्हणून. चटया विणताना बुडखे सगळे एका अंगाला आले आणि प्रत्येक चटईला एका बाजूनं रुंद पांढरा पट्टा उमटला. सभागृहात चटया अंथरल्या तेव्हा तळ्याची कारभारीण, जिच्या शब्दावर गावात पाणी सुटतं आणि बंद होतं, ती पायताण बाहेर काढून आत आली, उकिडवी बसली आणि पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाली, "काठ किती छान काढलाय हो." लांब्या हसला होता. त्या हसण्याची आठवण झाली की आता त्याचे कान तापायचे.

मग पाऊस आला तो काही हात राखून आला नाही. तळं रेघेपर्यंत भरलं, रेघेच्या वर चार बोटं गेलं आणि तिथंच राहिलं. लांब्या रोज जाऊन बघायचा. खुंट दिसत नव्हते. आज नाही तर उद्या कोंब वर येतील, असं तो स्वतःला सांगायचा. कोंब आले नाहीत, वास आला.

त्या "असेलही"च्या रात्री बायकोनं लांब्याला एकट्यालाच वाढलं. जेवण झाल्यावर तिनं बसायची चटई उचलली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. तीही पांढऱ्या काठाचीच होती.

"काय झालं?" लांब्यानं विचारलं.

"काही नाही. डोळ्यांना टोचते," ती म्हणाली आणि उघड्या फरशीवर भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी दाजी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. एरवी हा माणूस पाऊल टाकायच्या आत चार विनोद करायचा, लांब्याच्या बायकोला म्हणायचा, वहिनी, तुमच्या चहात साखर आहे की साखरेत चहा. आज त्याच्या हातात दोन मासे होते, पानात गुंडाळलेले, तळहातापेक्षाही लहान. एवढे लहान मासे तो कधी पाण्याबाहेर काढत नसे.

"दादा, चुकलो मी," दाजी म्हणाला.

लांब्या सुतळी वळत होता. त्याच्या हातातली सुतळी सुटली.

"मला वाटलं, मऊ गवत खातील, शेवाळ खातील. बोरू खातील असं स्वप्नातसुद्धा आलं नाही. तुमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचं बेट, आणि माझ्या हातून असं व्हावं. रात्रभर झोप नाही. ही म्हणाली, जाऊन या." ही म्हणजे चिमी. "पोटावर पाय आला तुमच्या. काय तोंडानं माफी मागू?"

इथं लांब्यानं बोलायचं होतं. हीच वेळ होती, घरात तिघंच होती, आणि तिघांतली एक तर जाणतच होती. बायको चुलीशी पाठमोरी उभी होती, तिचा हात थांबला होता. लांब्याच्या जिभेवर शब्द आले. पण त्या शब्दांच्या पुढं त्याला सभागृह दिसलं, कारभारीण दिसली, प्लास्टिकवाला खदाखदा हसताना दिसला. आबाचा पोरगा आणि वीत विसरला.

"असू द्या, दाजी," लांब्या म्हणाला. "होतं माणसाच्या हातून."

त्यानं दाजीला माफ केलं. दाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं वाकून लांब्याच्या गुडघ्याला हात लावला आणि मासे उंबऱ्यावर ठेवून गेला. बायकोनं ते मासे शिजवले खरे, पण स्वतः खाल्ले नाहीत. लांब्यानं खाल्ले. काटे फार होते.

त्यानंतर एकेक गोष्ट उघडी पडायला लागली. बोरूच्या मुळ्यांनी धरून ठेवलेला काठ सुटला आणि ढेकळं पाण्यात घसरायला लागली. नळाला चहासारखं पाणी यायला लागलं. पंपवाला दिवसातून दोनदा जाळी धुवायचा आणि दाजीच्या नावानं खडे फोडायचा. पाणकोंबड्या बेटात घरटी करायच्या, त्या उठून कुठं गेल्या देव जाणे. संध्याकाळी दारात बसवेना एवढे डास झाले. आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी लोक म्हणायचे, "त्या माशांनी वाटोळं केलं." लांब्या तिथं असला तर मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, बिचारा बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध बोलत नाही, केवढं मन. हे तर आणखीच वाईट. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर चोराची वाहवा.

कारभारणीनं सभा बोलावली. दाजीची होडी तळ्यातून कायमची बाहेर काढायची, हे बोलणं गावात आधीच चाललं होतं. दाजी म्हणाला, सभेआधी मी माझे मासे काढतो, निदान तोंड दाखवायला जागा राहील. मोठं जाळं ओढायला माणसं लागतात. कुणी आलं नाही. लांब्या गेला. न जाऊन कसं चालणार होतं?

दोघं कंबरभर गाळात उभे राहिले. एक दोर दाजीकडं, एक लांब्याकडं. पूर्वी या जागी पाय ठेवला तर खाली मुळ्यांची गादी लागायची. आता पाय मांडीपर्यंत आत जायचा आणि बाहेर काढताना बुडबुडे यायचे, कुजक्या अंड्यासारख्या वासाचे. दोर भिजून जड झाला होता. दुपारपर्यंत लांब्याचे तळहात सोलवटून निघाले. विळ्याला सरावलेला हात दोराला काय पुरणार? दाजीनं ते पाहिलं. कमरेचं फडकं सोडून फाडलं आणि स्वतःच्या हातानं लांब्याचे दोन्ही पंजे बांधून दिले, गाठ तळहातावर येणार नाही अशी.

"दुखतंय?" दाजीनं विचारलं.

"नाही," लांब्या म्हणाला.

जाळं काठाला आलं, तेव्हा त्यात गवते मासे होते, मांडीएवढे, चकचकीत. बाकी काही नव्हतं. दाजीनं जाळं उलटंपालटं करून पाहिलं.

"पिल्लू नाही एक," तो म्हणाला. "सगळी पिल्लं बोरूत लपायची. मोठ्या माशाला तिथं शिरता यायचं नाही, बगळ्याला चोच घालता यायची नाही. आता उघड्यावर पडली बिचारी. यंदाच नाही, पुढच्या सालीही मासा नाही, दादा."

चिमी काठावर मासे साफ करायला बसली होती. तिनं एकाचं पोट चिरलं आणि बोटांनी आतलं बाहेर काढलं. हिरवा, मऊ लगदा निघाला. दाजी जवळ येऊन बसला, त्यानं तो लगदा चोळून पाहिला. दुसरा मासा चिरायला लावला, तिसरा चिरायला लावला. सगळ्यांच्या पोटात शेवाळच.

"बोरू दिसत नाही यात," दाजी पुटपुटला. मग स्वतःच म्हणाला, "केव्हाच पचला असेल म्हणा. मेलं बेट, आता कुठून दिसणार?"

लांब्या पाण्याकडं पाहत राहिला. या भल्या माणसाला सुटकेचं दार समोर दिसलं होतं आणि त्यानं स्वतःच्याच हातानं ते लावून घेतलं.

दाजी जाळं धुवायला पाण्यात गेला. चिमीनं सुरी पुसली, किटलीतला चहा भावाच्या पुढं ठेवला. पंजे बांधलेले, त्याला कप धरता येईना, तर तिनंच दोन्ही हातांत धरून दिला. लहानपणी हाच तिला भारे ओढत आणताना काठावर बसवून खाऊ घालायचा.

"दादा," ती हळूच म्हणाली, "यंदा बेट कुठून कापलंस?"

चहा फार गरम होता. "नेहमीसारखंच," लांब्या म्हणाला.

"वीत राखून?"

"राखून."

चिमीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती माशाच्या पोटातला लगदा गोळा करून पाण्यात टाकत राहिली. "बरं," ती म्हणाली. "सभा झाली की आम्ही जाणार आहोत. ह्यांचा भाऊ शहरात बर्फाच्या कारखान्यात आहे, तो म्हणतो, या. ह्यांना बर्फाचं काम झेपणार नाही, छाती नाजूक आहे. पण होडी नसेल तर इथं राहून काय करायचं?"

लांब्या घरी आला आणि जेवला नाही. बायकोनं पंज्यांची फडकी सोडली, तेल लावलं. "सांगून टाका," ती म्हणाली. त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. तीही मग तेलाचा डबा बंद करून उठली. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती?

सभेला सगळं गाव आलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, म्हातारे भिंतीला टेकून. पंखे नवीन, भिंती नवीन, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब्याच्या चटया. एकही जोड नाही. लांब्या दाराशेजारी बसला आणि पहिल्यांदाच त्यानं त्या सगळ्या एकदम पाहिल्या. प्रत्येक चटईला तो पांढरा काठ, एकापुढं एक, ओळीनं. जणू त्यानंच मोठ्या हौसेनं विणून सगळ्यांच्या बुडाखाली अंथरलं होतं, की बघा बाबांनो, मी कुठून कापलं. आणि लोक त्याच्यावर बसून दाजीचा न्याय करत होते. लांब्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

कारभारीण शांतपणे बोलली. रागानं बोलायची तिची पद्धत नव्हती. पाणी गढूळ झालं, काठ चालला, उन्हाळ्यापर्यंत पंप बंद पडेल, असं तिनं सांगितलं. मग पंपवाला बोलला, प्लास्टिकवाला बोलला. प्लास्टिकवाला म्हणाला, "ज्याला माशांतलं कळत नाही त्यानं होडीत कशाला बसावं?" काहीजण हसले.

दाजी उभा राहिला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावली होती. "माझ्याकडून झालं," तो म्हणाला. "मासे मी आणले. सगळ्यांनी सांगितलं म्हणून आणले, असं मी म्हणणार नाही. आणणारा मी. होडी उद्या काढून ठेवतो. फक्त एक विनंती आहे. माझ्या मेव्हण्यांचं बेट गेलं, त्यांना गावानं काहीतरी काम द्यावं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही."

कुणीतरी "वा" म्हणालं. लांब्याची पाठ भिंतीला चिकटली.

त्यानं समोर पाहिलं. बायकांच्या बाजूला पहिल्याच ओळीत चिमी बसली होती. ती नवऱ्याकडं पाहत नव्हती, भावाकडंही नाही. तिची नजर खाली होती आणि तिचं बोट चटईच्या पांढऱ्या काठावरून सावकाश फिरत होतं, बुडख्यापासून रेघेपर्यंत आणि परत. आबाची पोर ती. आंधळी असती तरी तिला कळलं असतं. ती किती दिवसांपासून जाणत होती? कदाचित सभागृहात चटया अंथरल्या त्या दिवसापासून. तळ्याकाठी विचारलं तेव्हा तर नक्कीच. तिनं विचारलं होतं ते कळावं म्हणून नाही, त्यानं सांगावं म्हणून.

कारभारीण बोलायला वळली आणि तिची नजर पहिल्या ओळीवरून गेली. चिमीनं पटकन मांडी हलवली. गुडघा पुढं सरकवून तिनं तो पांढरा काठ आपल्या पायाखाली झाकला.

अख्ख्या सभागृहात पांढरे काठ उघडे पडले होते आणि ती आपल्या गुडघ्याएवढा एक झाकत होती. नवऱ्याची होडी जात होती, घर जात होतं, तरी ती भावाची अब्रू गुडघ्याखाली धरून बसली होती. लांब्याला हे सोसलं नाही. इतके दिवस सगळं सोसलं होतं, हे नाही.

तो उठला. कुणाला वाटलं बाहेर चाललाय, वाट दिली. तो बायकांच्या ओळीपर्यंत गेला आणि वाकला.

"चिमे, पाय काढ," तो म्हणाला.

"दादा, बस तू जाऊन," ती म्हणाली.

"पाय काढ."

तिनं पाय काढला. लांब्यानं चटईचा काठ उचलून धरला. पंख्याच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू जाईल असा तो बोलला. "हे पांढरं दिसतंय ना, हे पाण्याखालचं कांड आहे. हे कापायचं नसतं. माझ्या बापानं मारून शिकवलंय मला. हे कापलं की मुळी मरते. लांबी कमी पडत होती, मी जोड नसलेल्या चटया कबूल करून बसलो होतो, म्हणून चिखलातून कापलं. सगळं बेट मीच मारलं. माशांनी काही खाल्लेलं नाही."

मग एका म्हाताऱ्यानं जरा बाजूला सरकून आपल्या खालचा काठ पाहिला. त्याच्या शेजारच्यानं पाहिला. हळूहळू सगळं सभागृह सरकायला लागलं, कुल्ले उचलून, गुडघे वळवून, जो तो आपापल्या खाली बघत होता. लांब्या मधोमध उभा होता आणि कुणीच त्याच्याकडं बघत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दाजी अजून उभाच होता. तो चिडेल, धावून येईल, असं लांब्याला वाटलं. दाजीनं फक्त सदऱ्याचं वरचं बटण सोडलं.

"मी तुमच्या दारात आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही मला माफी मागू दिलीत."

लांब्यानं हातातला चटईचा काठ खाली सोडला.

"आणि वर माफ केलंत," दाजी म्हणाला. मग तो बायकोकडं वळला. "चल."

चिमी उठली. भावाच्या अंगावरून जाताना ती क्षणभर थांबली. नवऱ्याच्या मागं निघून गेली.

होडी राहिली. ते तर कुणी बोलूनही दाखवलं नाही, आपोआपच ठरलं. प्लास्टिकवाला म्हणाला, आता या चटया काढून टाकू, बघवत नाहीत. कारभारीण म्हणाली, "नको. राहू देत. बसताना प्रत्येकाला दिसू देत." आपणच काठाचं कौतुक केलं होतं हे तिला आठवत असावं, कारण ती हे बोलली तेव्हा तिचाही चेहरा उतरला होता. पंपवाला खाली मान घालून पायताण शोधत होता. त्याला ते बराच वेळ सापडलं नाही.

पाणी थोडं उतरल्यावर लांब्या तळ्यात उतरला. बांधाजवळच्या खडकाळ कोपऱ्यात, जिथं बोरू बारीक म्हणून सोडला होता, तेवढाच जिवंत होता. त्यानं तिथून मुळ्या काढल्या, हाताएवढ्या लांबीच्या, प्रत्येकीला कोंब आहे का बघून. उथळ काठाला एकेक मुळी गाळात दाबायची, शेजारी काठी रोवायची, सुतळीनं बांधायची. कोंबाचं टोक पाण्याच्या वर वीतभर राहील असं. वीत तो प्रत्येक वेळी हात लावून मोजत होता, अगदी पहिल्यांदा शिकत असल्यासारखी. बायको मागून सुतळीचे तुकडे देत होती. असं बेट उभं राहायला किती सालं लागतील, हे दोघांनाही माहीत होतं. लांब्याच्या हयातीत त्यातून चटई व्हायची नाही.

रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे आणि पुढं जायचे. कुणी हाक मारत नव्हतं. "लांब्या" हे नावसुद्धा आता त्याच्या तोंडावर कुणी घेत नसे.

एका सकाळी तो गुडघाभर पाण्यात वाकून एक कोंब बांधत होता, तेव्हा मागून होडी आली. वल्ह्याचा आवाज त्याला ओळखू आला. दाजी पलीकडच्या खोल पाण्याकडं निघाला होता आणि वाट याच काठानं होती. त्याच्या नेहमीच्या वेगानं होडी गेली असती तर लाटेनं नव्या रोवलेल्या काड्या आडव्या झाल्या असत्या. लांब्यानं दोन्ही हात पसरून जमेल तेवढे कोंब अंगाशी धरले आणि डोळे मिटले.

लाट आली नाही. त्यानं डोळे उघडले. दाजीनं वल्हं पाण्याबाहेर उचलून मांडीवर आडवं धरलं होतं. होडी आपल्याच ओढीनं, आवाज न करता, काड्यांच्या शेजारून सरकत होती. वल्ह्याचं पाणी होडीतच ठिबकत होतं. दाजी समोर बघत होता. त्यानं मान वळवली नाही, हाक दिली नाही.

ते बोरूसाठी होतं. त्याच्यासाठी नव्हतं. हे लांब्याला नीट कळलं. होडी लांब जाईपर्यंत तो मान खाली घालून तसाच उभा राहिला. मग बायकोनं सुतळीचा पुढचा तुकडा त्याच्या हातात दिला आणि त्यानं पुढच्या कोंबाला वीत लावली.